पांढऱ्या दगडावरची रेघ

न बदलणाऱ्या गोष्टीला आपण काळ्या दगडावरची रेघ म्हणतो. अथेन्सकरांनी आपल्या रेघा पांढऱ्या संगमरवरावर ओढल्या, आणि त्यातल्या कित्येक स्वतःच पुसल्या. ग्रीक सन्मानलेख, म्हणजे कुणाचा तरी मान करून शहराने दगडावर कोरलेले ठराव, जपण्याचा आजचा खटाटोप समजून घ्यायचा तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

या लेखांचा साचा ठरलेला असे. ‘बूले आणि देमोस यांनी ठरवले’, म्हणजे मंडळाने आणि नागरिकांच्या सभेने ठरवले, अशी सुरुवात. मग अमक्याने शहरावर काय उपकार केले त्याचा पाढा. मग बक्षीस: सोन्याचा मुकुट, क्वचित कांस्याचा पुतळा, माणूस परगावचा असेल तर ‘प्रॉक्सेनोस’ ही पदवी, म्हणजे त्याने आपल्या गावी आलेल्या अथेन्सकरांची कामे पाहायची. शेवटचे कलम हिशेबाचे: ठराव शिळेवर कोरून उभा करावा, खर्चापोटी इतके द्राख्मे (चांदीची नाणी) द्यावेत. इ.स.पू. चौथ्या शतकात ही रक्कम बहुधा २० किंवा ३० द्राख्मे असे.

शिळा उभी राहिली म्हणजे मान पक्का झाला, असे मात्र नव्हते. इ.स.पू. ४०४ मध्ये ‘तीस जुलमी’ म्हणून ओळखली जाणारी तीस जणांची राजवट सत्तेवर आली आणि तिने लोकशाहीच्या काळातल्या काही शिळा फोडल्या. थासोस बेटावरच्या आपेमांतोसच्या पाच मुलांची शिळा त्यातलीच. लोकशाही परतल्यावर ती नव्याने कोरायचा ठराव झाला. खर्च पाचांपैकी एका भावाने, युरिपिलोसने, सोसायचा. सत्कार झाला, तोही स्वखर्चाने! पुढे सिक्योन या ग्रीक शहरातल्या यूफ्रॉनच्या बाबतीत तेच घडले. त्याचा सन्मान धनिकशाहीने मोडीत काढला आणि इ.स.पू. ३१८ च्या सुमारास लोकांनी तो पुन्हा कोरला. मोडल्याची हकीकतही नव्या शिळेवर आली, म्हणून तर ती आपल्याला ठाऊक आहे. इ.स.पू. २०० मध्ये उत्तरेकडच्या मॅसेडोनिया राज्याशी बिनसले तेव्हा त्या राजघराण्याची नावे शहरभरच्या लेखांतून छिन्नीने खरवडून काढली. मान देण्याचा सगळ्यात स्वस्तातला मार्ग ऱ्होड्स बेटाने शोधला. जुना पुतळा तसाच ठेवायचा, खालचे नाव तेवढे बदलायचे. दिओ नावाच्या वक्त्याने भर सभेत त्यांना यावरून झापले होते.

उरलेल्या शिळा जुन्या काळात भिंतींत गेल्या, उंबऱ्यांना लागल्या, चुन्याच्या भट्टीत पडल्या. भट्टीत गेलेली शिळा कायमची संपते. भिंतीत गेलेली कधीतरी सापडते. स्फेत्तोसच्या कॅलिअसची शिळा अशीच. इ.स.पू. २७०-२६९ च्या या ठरावाच्या शंभराहून अधिक ओळी आहेत. अथेन्सने मॅसेडोनियाविरुद्ध उठाव केला तेव्हा कॅलिअस इजिप्तचा राजा टॉलेमी याच्या चाकरीत होता. अँड्रोस बेटावरून तो १,००० सैनिक घेऊन आला आणि शेतातले धान्य शहरात सुखरूप येईपर्यंत त्याने पहारा दिला. पुढे ही शिळा अगोरातल्या, म्हणजे अथेन्सच्या बाजारचौकातल्या, मोठ्या गटाराचे झाकण झाली. १९७१ मध्ये उत्खननात ती निघाली, आणि त्या उठावाचा इतिहास बराचसा नव्याने मांडावा लागला. गटाराने जे सांभाळले ते देवळालाही जमले नसते.

नकला उतरवण्याची परंपरा अँकोनाचा व्यापारी सिरिआको याच्यापासून सांगतात. १४३६ मध्ये तो अथेन्सला गेला आणि दिसेल तो लेख वहीत उतरवत सुटला. त्याच्या मूळ वह्या बहुतेक नष्ट झाल्या, पण त्यांवरून केलेल्या नकला राहिल्या, आणि काही लेख आज फक्त त्यांतच वाचायला मिळतात. दुसऱ्या टोकाला फ्रेंच पाद्री मिशेल फूर्मों. १७२९-३० च्या प्रवासात आपण स्पार्टा जमीनदोस्त केल्याची बढाई त्याने पत्रांतून मारली, शिवाय काही लेख चक्क मनाने रचले. त्याची लबाडी बर्लिनच्या आउगुस्ट ब्योखने पकडली. ब्योखच्या देखरेखीखाली १८१५ मध्ये ग्रीक लेखांच्या महासंग्रहाचे काम सुरू झाले. पहिला खंड १८२८ मध्ये पुरा झाला. तो मुख्यतः इतरांच्या नकलांवर उभा होता, म्हणून पुढच्या पिढीने मूळ दगड पाहण्यावर आणि कागदी ठशांवर भर दिला.

हा ठसा आपल्याकडच्या ठशासारखा नसतो. आपण दगडावर ओला कागद बसवून त्यावर शाई फिरवतो. ग्रीक लेखांचा ठसा कोरा असतो. दगड धुवायचा, ओला जाड गाळणकागद पसरायचा आणि ताठ केसांच्या ब्रशने असा ठोकायचा की कागद अक्षरांच्या खाचांत उतरेल. वाळल्यावर सोलून काढला की मागच्या बाजूला उलटी, उठावाची अक्षरे. बर्लिन, ऑक्सफर्ड, प्रिन्स्टन इथे असे हजारो ठसे कपाटांत आहेत. दगड झिजला, फुटला, तरी ठशावर त्या दिवसाचे अक्षर शाबूत राहते.

या पद्धतीची खोटही अलीकडे जास्त जाणवू लागली आहे. अनेक लेखांची अक्षरे मुळात लाल रंगाने भरलेली असत. ओला कागद सोलताना उरलासुरला रंग त्याबरोबर निघून येऊ शकतो, आणि रबराच्या चिकाचा ठसा तर दगडाची सुटलेली पापुद्रीही ओढतो. त्यामुळे आता दगडाला हात लावण्याआधी कॅमेरा येतो: वेगवेगळ्या कोनांतून तिरपा उजेड टाकून बरीच छायाचित्रे घ्यायची, संगणकावर ती एकत्र करायची, आणि पडद्यावर उजेड फिरवत फिरवत अक्षर लावायचे.