मीटरला पॉवर सप्लाय कुठला, हा प्रश्न आला कुठून

घरातल्या जुन्या, फिरत्या चकतीच्या वीज मीटरला वेगळा पॉवर सप्लाय ही भानगडच नव्हती. १८८९ मध्ये हंगेरीच्या गांझ कंपनीतल्या ओटो ब्लाथीने इंडक्शन मीटर काढला, त्यातली व्होल्टेज कॉइल थेट लाइनवर, एखाद-दोन वॅट खायची आणि तीच चकती फिरवायला हातभार लावायची, विषय संपला.

पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आले. चिप आणि डिस्प्लेला मिळून मोजके मिलीअँप लागायचे म्हणून बऱ्याच ठिकाणी स्वस्तातला कपॅसिटर ड्रॉपर बसला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरऐवजी लाइनवर सिरीजमध्ये एक कपॅसिटर टाकून करंट मर्यादित करायचा. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर साधारण ३४ मिलीअँप सोडतो, एसीचा फक्त अर्धा भाग घेऊन डीसी (हाफ वेव्ह) केलं की हाती निम्म्याहून कमीच. तेवढ्यात भागायचं, पण हाच कपॅसिटर वर्षानुवर्षं लाइनवर राहून हळूहळू व्हॅल्यू गमावतो आणि मीटर एक दिवस उगाच रिसेट व्हायला लागतो.

इंटरनेट जोडलं आणि गणितच फिरलं. २०१४ मध्ये ईएसपी८२६६ ही वाय-फाय चिप आली, स्वस्तात वाय-फाय मिळालं, पण डेटा पाठवताना तिला शेकडो मिलीअँप हवेत. मोबाइल नेटवर्कवरून डेटा पाठवणारा जीएसएम मोडेम तर तिच्याही वर, ४.६ मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये जेमतेम ०.५८ मिलिसेकंदासाठी २ अँपपर्यंत ओढतो. सरासरी करंट बघून सप्लाय घेतला की त्या झटक्याला व्होल्टेज बसतं, मोडेम रिसेट होतो, परत नेटवर्क शोधतो, परत झटका, आणि लोक कोडमध्ये बग शोधत बसतात, खरं तर मोडेमच्या सप्लाय पिनवर ऑसिलोस्कोप लावला की व्होल्टेजमधला खड्डा सरळ दिसतो. म्हणून सप्लाय सरासरीवर नाही, झटक्याच्या कमाल करंटवर निवडायचा आणि मोठा, लो ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेला) कपॅसिटर मोडेमला अगदी चिकटून ठेवायचा.

मधल्या काळात हौशी मंडळींनी एक छान आयडिया वापरली, ९ व्होल्टचा एसी अडॅप्टर, त्यानेच व्होल्टेज मोजायचं आणि त्यावरच सर्किट चालवायचं. रीडिंग पाठवणाऱ्या कमी करंटच्या रेडिओ मॉड्यूलला ते चाललं. वाय-फायचा लोड टाकला की साइन वेव्हची टोकं चपटी होतात आणि रीडिंग बिघडतं, मोजमापच चुकलं तर मीटर कशाला हवा! त्यामुळे मोजणी वेगळी आणि सप्लाय वेगळा, छोटा एसएमपीएस (मोबाइल चार्जरसारखा स्विचिंग सप्लाय), हे रुळलं.

पण करंट मोजायला शंट, म्हणजे लाइनमध्येच टाकलेला छोटा रेझिस्टर, वापरला असेल तर सर्किटचा ग्राउंडच लाइनला जोडलेला असतो, मग सप्लाय कितीही आयसोलेटेड घ्या, मोडेमकडे जाणारा डेटा ऑप्टोकपलरसारख्या, तारेने न जोडता सिग्नल पलीकडे नेणाऱ्या आयसोलेटरमधूनच न्यावा लागतो, नाहीतर बाहेर काढलेली अँटेनासुद्धा लाइव्ह.