चाकांवर तोल का जातो?

स्केट्स घालून पहिल्यांदा उभा राहणारा बहुधा पाठीवरच पडतो. साध्या बुटांत आपण जरा पुढे-मागे झुकलो, की चवडा आणि टाच जमिनीवर रेटा देतात आणि घर्षण आपल्याला मध्यावर आणतं. चाकं ज्या दिशेला फिरतात, तिथे हे घर्षण जवळजवळ नसतंच. त्यामुळे घाबरून धड मागे झटकलं, की पाय पुढे निसटतात.

आडव्या दिशेला मात्र चाकाची पकड शाबूत असते, आणि नवशिक्याची सगळी भिस्त तिच्यावर. टाचा जुळवा, चवडे बाहेर वळवा, दोन्ही पायांत साधारण ६० अंशांचा कोन ठेवा. आता मागे जायला टाचाच एकमेकींना अडवतात. पुढे जायचं तर पाय फाकावे लागतात, ते मांड्या आवरतात. पूर्ण स्थिर थांबायचं असेल तर एक टाच दुसऱ्या पायाच्या मध्यावर काटकोनात टेकवा.

यानंतर गुडघे, आणि खरं शिकणं इथेच आहे. खाली पाहिलं तर गुडघ्याआड बुटाचं टोक झाकलेलं दिसावं आणि नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली जाणवावी. बहुतेक जण गुडघ्यांऐवजी कमरेत वाकतात किंवा खुर्चीत बसल्यासारखे मागे बसतात. मग भार टाचांवर जातो आणि पुन्हा तीच पडण्याची गत. हात कमरेच्या उंचीवर, समोर. नजर चार-पाच मीटर पुढे.

घोटे आत कलत असतील तर आधी लेस तपासा. बोटांपाशी सैल चालेल, पण पावलाच्या वरच्या बाजूला घट्ट हवी. टाच बुटात उचलली जाता कामा नये. मुलांना ‘वाढत्या मापाचे’ स्केट्स घेणं ही खोटी काटकसर आहे.

पहिला सराव हिरवळीवर किंवा सतरंजीवर, जागच्या जागी पाऊल उचलण्याचा. नाक, गुडघा आणि बुटाचं टोक एका रेषेत आणून मगच दुसरा पाय उचला. एका पायावर पाच सेकंद टिकेपर्यंत फरशीवर ढकलून घसरायची घाई नको.

तोल गेलाच तर आणखी खाली बसा आणि पुढे, गुडघ्याच्या पॅडवर पडा. उघडा तळहात टेकला तर अंगठ्याच्या बुडाशी असलेलं स्कॅफॉइड हाड मोडू शकतं. त्याला रक्तपुरवठा तोकडा, म्हणून ते सावकाश जुळतं. हेल्मेटइतकेच मनगटाचे गार्डही पहिल्या दिवसापासून घाला.