उन्हाळी लागली की इन्फेक्शन झालं?

चैत्रात जोतिबाचा डोंगर चढून आलेला असो, नाहीतर शिरोली एमआयडीसीत भट्टीसमोर शिफ्ट काढणारा, लघवीला जळजळलं की घरात निदान ठरलेलं: उन्हाळी लागली, पाणी पी. बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. पण अशीच जळजळ मूत्रमार्गाच्या इन्फेक्शनमध्ये होते आणि तिथं नुसत्या पाण्यावर भागवून चालत नाही. (तांबड्या रश्श्यावर खापर फोडणाराही घरात एक असतोच. रश्श्यानं जंतू होत नाहीत.)

उन्हाळी म्हणजे पाण्याची तूट. घामावाटे पाणी गेलं की मूत्रपिंडं उरलेलं धरून ठेवतात. बाहेर टाकायचे क्षार तेवढेच आणि पाणी थोडं, म्हणून लघवी गर्द पिवळी, उग्र वासाची होते आणि जाताना चुणचुणते. तोंड कोरडं पडतं, डोकं जड होतं, सहा-सात तास लघवीला जायची आठवणही होत नाही.

इन्फेक्शनमध्ये नेमकं उलटं, सारखं जावंसं वाटतं. घाईनं जावं तर चार थेंब, आणि उठल्यावर अजून राहिल्यासारखं. जंतू, बहुतेकदा आतड्यातले ई. कोलाय, मूत्राशयाच्या अस्तराला सूज आणतात. त्यामुळं ओटीपोटात दुखतं, लघवी गढूळ होते, कधी लालसर. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंमी असतो, म्हणून जंतू लवकर वर पोहोचतात.

ताप नसेल, दुसरा आजार नसेल तर घरी एक परीक्षा घेता येते. दोन-तीन तासांत लिटरभर पाणी थोडं थोडं प्यायचं आणि त्यानंतरच्या लघव्यांचा रंग बघायचा. रंग फिका पिवळा झाला आणि जळजळही गेली, तर उन्हाळी होती. रंग फिका होऊनही जळजळ तशीच, तर तपासणी करा. बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर रंगावर जाऊ नका, ती भरपूर पाण्यानंतरही लघवी पिवळीधमक करते. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, कोकम सरबत खुशाल घ्या, पण उन्हाळीत गुण येतो तो मुख्यतः त्यातल्या पाण्याचा. मेडिकलमधून आणलेलं सायट्रेटचं सिरप जळजळ झाकतं, जंतू मारत नाही. खरा घोटाळा तिथंच होतो: आठवडाभर बरं वाटतं आणि इन्फेक्शन वर सरकतं.

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात दिवसभर भाजी घेऊन बसणारी किंवा उसाच्या फडातली बाई जागेच्या अडचणीपायी पाणीच पीत नाही आणि आलेली लघवीही तुंबवते. तिला दोन्ही एकदम होऊ शकतं.

तपासणीला जाताना मात्र पाणी ढोसून जाऊ नका, लघवी पातळ झाली की पू-पेशी कमी दिसतात. डबी लॅबचीच घ्या. जागा साध्या पाण्यानं धुवा, पहिली धार सोडा, मधली डबीत धरा आणि तासाभरात पोहोचवा. कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) सांगितलं असेल तर नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्यायचा. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. दोन गोळ्यांत जळजळ थांबली म्हणून कोर्स मध्येच सोडला की जंतू पुन्हा डोकं काढतात.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं, उलट्या, लघवीत रक्त, यातलं काही असेल तर परीक्षा बघत बसू नका. गरोदर बाई, लहान मूल, मधुमेही आणि पुरुष यांनी जळजळ झाली की थेट डॉक्टर गाठावा.

एरवी उन्हाळ्यात मोठ्या माणसाला दिवसाला अडीच-तीन लिटर पुरतं. भट्टीसमोर दर वीस मिनिटांनी एक ग्लास घ्या, पण तासाला लिटरभराच्या वर नको. मूत्रपिंडांना त्याहून जास्त पाणी बाहेर टाकणं जमत नाही आणि रक्तातलं सोडियम उतरतं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर उन्हाळीच्या नावाखाली ते माप मोडू नका. आणि शिफ्टनंतर अंग दुखतं म्हणून डायक्लोफेनॅक घेणाऱ्यांनी आधी पाण्याची तूट भरावी. कोरड्या पडलेल्या शरीरात ही गोळी मूत्रपिंडाकडं जाणारं रक्त आणखी कमी करते.