न्यूजलेटर आणि स्तंभलेखन: स्थानिक स्वतंत्र डिजिटल वृत्तमाध्यमात (नाशिक)

न्यूजलेटर म्हणजे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, नाव नोंदवलेल्या वाचकाच्या ईमेलवर थेट जाणारे पत्र. स्तंभ म्हणजे एकाच लेखकाने ठरावीक अंतराने, स्वतःच्या नावाने आणि मताची जबाबदारी स्वतःवर घेऊन लिहिलेला मजकूर. छापील दैनिकात स्तंभ आतल्या पानावर असे आणि अंक घेणाऱ्या प्रत्येकाच्या हाती आपोआप पडे. डिजिटल माध्यमात घडी केलेला अंकच नाही. त्यामुळे स्तंभ वाचकापर्यंत पोचवण्याचे काम न्यूजलेटर करते, आणि न्यूजलेटर उघडावेसे वाटते ते बहुधा त्यातल्या स्तंभलेखकामुळे.

मराठीत ‘वार्तापत्र’ हा शब्द पूर्वीपासून आहे, पण त्याचा रूढ अर्थ वेगळा: दिल्ली किंवा मुंबईच्या प्रतिनिधीने आठवड्याच्या घडामोडींवर पाठवलेला लेख. म्हणून व्यवहारात ‘न्यूजलेटर’ हाच शब्द टिकला. ‘सदर’ आणि ‘स्तंभ’ यांतही फरक करावा. सदराचे शीर्षक कायम असते, लेखक बदलू शकतात. स्तंभ लेखकाबरोबर संपतो. पत्ररूपाने नियमित मतलेखन करण्याची वाट मराठीला जुनी आहे. गोपाळ हरी देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ ते १८५० या काळात पत्रेच लिहिली.

‘स्वतंत्र’ याचा येथे अर्थ एवढाच की मालकी राजकीय पक्ष, बांधकाम व्यावसायिक किंवा मोठा उद्योगसमूह यांच्याकडे नाही आणि खर्च मुख्यतः वाचकांच्या वर्गणीतून व देणग्यांतून भागतो. देशपातळीवर २०१२ मध्ये सुरू झालेल्या न्यूजलॉन्ड्रीने वर्गणीचा मार्ग रुळवला. २०२० मध्ये अशा प्रकाशनांनी ‘डिजिपब’ ही संघटना स्थापन केली. नाशिकसारख्या जिल्ह्यात असे प्रकाशन दोन-चार माणसांवर चालते आणि ‘गावकरी’, ‘देशदूत’ यांच्यासारख्या इथल्या जुन्या दैनिकांइतके बातमीदार त्याला तालुक्यातालुक्यांत नेमता येत नाहीत. कांद्याचा भाव लिलाव संपण्याआधीच व्हॉट्सॲपवर फिरतो, धरणाचा विसर्गही तसाच. नुसती बातमी सर्वांकडे असते. ती निवडून, तपासून, तिचा अर्थ लावून वेळेवर हातात देणे एवढीच लहान प्रकाशनाची जागा आहे, आणि ती न्यूजलेटर व स्तंभ यांनीच भरता येते.

वेळ आणि आकडे

न्यूजलेटरची वेळ वाचकाच्या निर्णयाच्या वेळेवरून ठरते. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला येथील कांद्याचे लिलाव दिवसा होतात आणि उद्या ट्रॅक्टर भरायचा की नाही हे शेतकरी रात्री ठरवतो. म्हणून बाजारभावाचे पत्र संध्याकाळी सातच्या सुमारास पोचले पाहिजे. तेच पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गेले तर गाडी बाजार समितीच्या फाटकात उभी असते. शहराच्या पत्राला उलट सकाळ योग्य. स्तंभाचे पत्र शनिवारी किंवा रविवारी.

बाजारभावाच्या तक्त्यात आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर हे चार आकडे लागतात. दर क्विंटलला, म्हणजे १०० किलोला. सर्वांत मोठी चूक कमाल दर मथळ्यात देण्याची. तो दर कधीकधी एखाद-दुसऱ्या वाहनाला मिळालेला असतो. मथळा वाचून दहा गावांतून माल निघतो आणि हातात सर्वसाधारण दरही पडत नाही. किमान व कमाल यांची बेरीज करून दोनने भागणे ही दुसरी चूक, कारण सर्वसाधारण दर म्हणजे बहुतेक माल ज्या भावाने गेला तो. तिसरी चूक लक्षात यायला वेळ लागतो. कांद्याच्या लाल, रांगडा आणि उन्हाळ अशा हंगामानुसार वेगळ्या जाती असतात. मार्च-एप्रिलमध्ये रांगडा संपत आणि उन्हाळ येत असतो. दिवाळीच्या आसपास चाळीत (कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमध्ये) ठेवलेला जुना उन्हाळ आणि नवा लाल कांदा एकाच दिवशी बाजारात असतात. त्यांचे दर एका रकान्यात घातले की भाव ‘कोसळला’ किंवा ‘उसळला’ अशी खोटी बातमी तयार होते. जात वेगळी लिहावी, तुलना त्याच जातीशी करावी. मागच्या वर्षाशी तुलना करताना धोरणही नोंदवावे: ८ डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी, ४ मे २०२४ ला ती उठताना लावलेले ४० टक्के शुल्क, १३ सप्टेंबर २०२४ पासून २० टक्के आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्कमाफी. या तारखा शेजारी नसतील तर भावाचा आलेख वाचताच येत नाही.

पावसाळ्यात हाच काटेकोरपणा नाशिकच्या वरच्या अंगाला गोदावरीवर असलेल्या गंगापूर धरणाबाबत हवा. ‘गंगापूर धरण’ आणि ‘गंगापूर धरण समूह’ यांच्या टक्केवारी वेगळ्या असतात, कारण समूहात काश्यपी, गौतमी-गोदावरी या धरणांचाही साठा मोजतात. धरणातून सोडलेला विसर्ग आणि शहरातल्या अहिल्यादेवी होळकर पुलाखालचा प्रवाह हेही एक नव्हे. धरणाच्या खालच्या पाणलोटातले पाणी मध्ये मिसळते. त्याही खाली नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यावरून जायकवाडी धरणाकडे जाणाऱ्या पाण्याचा आकडा आणखी वेगळा. नाशिककर पूर दुतोंड्या मारुतीवरून, म्हणजे नदीपात्रातल्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावरून मोजतो, आणि पत्रात ती खूण जरूर द्यावी. मात्र शेजारी क्युसेकचा (सेकंदाला किती घनफूट पाणी वाहते त्याचा) आकडा, नोंदीचे ठिकाण आणि वेळ असावी. वेळ नसलेला विसर्गाचा आकडा पाठवू नये. तो दिवसभर पुढे ढकलला जातो आणि पाणी ओसरल्यावरही गोदाकाठच्या दुकानदाराला घाबरवतो.

पत्र पोचण्याचे तंत्र

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांना नियम लावले. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे जात असतील तर डोमेनवर (संकेतस्थळाच्या नोंदलेल्या नावावर) एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, पत्र खरोखर त्याच प्रकाशनाचे आहे हे पटवणाऱ्या, तिन्ही नोंदी हव्यात, एका टिचकीत नाव काढण्याची सोय हवी, आणि पत्राला ‘स्पॅम’ ठरवणाऱ्यांचे प्रमाण ०.३ टक्क्याखाली हवे. यादी लहान असली तरी या नोंदी पहिल्या दिवशीच कराव्यात. जीमेलच्या मोफत पत्त्यावरून शेकडो जणांना एकदम पत्र पाठवणे हा नाव खराब करून घेण्याचा सर्वांत जवळचा रस्ता.

देवनागरीची एक अडचण फारशी कोणी सांगत नाही. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचे पत्र मध्येच कापते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या रूढ पद्धतीत रोमन अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. काना आणि अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे असल्याने ‘कांदा’ हा शब्द पाच चिन्हांचा, १५ बाइटांचा. काही साधने देवनागरी चिन्हाचे अंकी संकेतात रूपांतर करतात. मग एका चिन्हाला ७ बाइट आणि ‘कांदा’ ३५ चा. त्यात रंगीत चौकटी आणि बटणांचा सांगाडा मिळवला की दोन स्तंभ असलेले पत्र सहज कापले जाते. कापले जाते ते शेपटाकडून, आणि नाव काढण्याचा दुवा तिथेच असतो. तो न सापडलेला वाचक ‘स्पॅम’चे बटण दाबतो, आणि पुढचे पत्र इतरांच्याही स्पॅममध्ये जाऊ लागते. उपाय: सांगाडा साधा ठेवावा, एका पत्रात एकच पूर्ण स्तंभ द्यावा, आणि नाव काढण्याचा दुवा वरही ठेवावा.

यादी विकत घेऊ नये. लग्नसमारंभात किंवा संमेलनात गोळा केलेले पत्तेही परवानगीशिवाय घालू नयेत. नाव नोंदल्यावर खातरजमेचे पत्र पाठवून त्यावर होकार आला तरच नाव यादीत घ्यावे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमतीवरच उभा आहे. ज्या पत्त्यांवरून पत्र न पोचता परत येते ते लगेच काढावेत आणि सहा महिने एकही दुवा न उघडणाऱ्याला ‘अजून पत्र हवे का?’ असे एकदा विचारून मगच कमी करावे. केवळ ‘पत्र किती जणांनी उघडले’ या आकड्यावर विसंबू नये: सप्टेंबर २०२१ पासून ॲपलची मेल सुविधा पत्रातली चित्रे आधीच उतरवून घेते, त्यामुळे न वाचलेले पत्रही वाचल्यासारखे मोजले जाते. दुव्यावरच्या टिचक्या आणि आलेली उत्तरे जास्त खरी.

कळवण, चांदवड, सुरगाणा भागात ईमेल अनेकांनी फॉर्म भरण्यापुरताच काढलेला असतो. तिथे व्हॉट्सॲप लागतेच. एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवणाऱ्या ब्रॉडकास्ट यादीला २५६ जणांची मर्यादा आहे आणि ज्याने आपला क्रमांक जतन केला आहे त्यालाच संदेश पोचतो. सप्टेंबर २०२३ पासून भारतात चॅनेलची सोय आली; त्यात वाचकाचा क्रमांक इतरांना दिसत नाही, पण वाचकांची यादीही प्रकाशनाच्या हाती राहत नाही. म्हणून व्हॉट्सॲपवर चार ओळींचा सारांश व दुवा, आणि पूर्ण पत्र ईमेलवर, ही विभागणी बरी.

स्तंभलेखकाशी करार

नाशिकमध्ये विषयाचे जाणकार विपुल आहेत: द्राक्ष बागायतदार, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, मालेगावच्या यंत्रमागाचे अभ्यासक, कामगार चळवळीतले कार्यकर्ते. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची कामे चालू असताना रस्ते, घाट, तपोवनातली झाडे यांवर नियमित लिहिणारा नियोजनतज्ज्ञ प्रकाशनाला दहा बातमीदारांइतका मोलाचा ठरतो. अशा लेखकांना लिहिण्याची सवय कमी असते. पहिला लेख छापण्याआधी तीन लेख लिहून घ्यावेत. एकच सांगण्यासारखे असणारा आणि वर्षभर सांगू शकणारा यांतला फरक तिसऱ्या लेखात कळतो.

ओळखीतल्या माणसाशी लेखी करार करायला संकोच वाटतो, आणि नंतरचे बहुतेक वाद त्यातूनच येतात. करारात लेखांचे अंतर, शब्दमर्यादा (८०० ते १,००० पुरेशी), मजकूर द्यायचा वार, मानधन व ते किती दिवसांत मिळेल, आणि मथळा कोण ठरवणार हे असावे. मथळा संपादक देतो, पण लेखकाला प्रसिद्धीआधी दाखवतो, ही पद्धत सर्वांत कमी भांडणाची. नोकरीत नसलेल्या लेखकाचा कॉपीराइट १९५७ च्या कायद्यानुसार मूलतः लेखकाकडेच असतो. तो हस्तांतरित करायचा तर लेखी हवा. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. प्रकाशनाने प्रथम प्रसिद्धीचा आणि संग्रहात कायम ठेवण्याचा हक्क घ्यावा, पुस्तकाचा हक्क लेखकाकडे सोडावा. कंपनी म्हणून नोंदलेल्या प्रकाशनाने एका लेखकाला वर्षात ५०,००० रुपयांहून अधिक दिल्यास १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वजा करायचा प्राप्तिकर, कापावा लागतो (२०२५-२६ पासूनची मर्यादा). हे लेखकाला आधी सांगावे, म्हणजे रक्कम कमी आली असा गैरसमज होत नाही.

हितसंबंध उघड करणे अनिवार्य मानावे. द्राक्ष निर्यातदाराने निर्यात धोरणावर लिहायला हरकत नाही. लेखाखाली तो निर्यातदार असल्याचे लिहिले पाहिजे. सहकारी बँकेच्या संचालकाने त्याच बँकेवर लिहू नये.

संपादन

मजकूर गुरुवारी संध्याकाळी आला तर शनिवारच्या पत्राला वेळ पुरतो. आधी अक्षरे, मग आकडे, मग मत. अनेक ज्येष्ठ लेखक श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोडपूर्व जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतात. युनिकोडमध्ये आणताना रफार सरकतो, ‘कर्ज’चे ‘कजर्’ होते. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला ऱ्या विशेष नाजूक आहे: जोडणीतले अदृश्य चिन्ह गळाले की ‘शेतकर्यांना’ उमटते, आणि शोध घेताना दोन्ही रूपे वेगळी ठरतात. ‘ॲ’ हे चिन्हही दोन तऱ्हांनी टाइप होते. प्रकाशनाने आपली एक तऱ्हा ठरवावी आणि मजकूर त्यात बदलून घ्यावा.

मत लेखकाचे, पण त्याखालची वस्तुस्थिती प्रकाशनाचीही. ‘महापालिकेने कोट्यवधी पाण्यात घातले’ या वाक्याला ठरावाची तारीख किंवा निविदेची रक्कम लागते. ती नसेल तर वाक्य काढावे, मवाळ करून ठेवू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामीच्या आरोपात केवळ खरे असणे पुरत नाही, ते लोकहितासाठी असावे लागते. व्यक्तीचे नाव घेऊन आरोप असेल तर तिची बाजू लेख येण्याआधी मागावी आणि मागितल्याची वेळ नोंदवावी.

फेब्रुवारी २०२१ च्या डिजिटल माध्यम नियमांत तक्रार अधिकारी नेमणे, २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय देणे अपेक्षित आहे. त्यातील नियम ९ च्या पोटनियम १ व ३ ला (आचारसंहिता पाळण्याची सक्ती आणि त्रिस्तरीय तक्रार यंत्रणा) मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी स्थगिती दिली. तरीही अधिकाऱ्याचे नाव आणि पत्ता ठळक ठेवणे हिताचे. रागावलेल्या वाचकाला दार सापडले की तो न्यायालयाऐवजी तिथे येतो. चूक झाल्यास दुरुस्ती त्याच न्यूजलेटरच्या पुढच्या अंकात वरच्या बाजूला द्यावी. लेख गुपचूप बदलला तरी ईमेलमधली चुकीची प्रत वाचकाकडे तशीच राहते. माध्यमाच्या या वैशिष्ट्याने प्रामाणिकपणा सक्तीचा केला आहे.

वर्गणी

छापील वृत्तपत्रावर जीएसटी नाही, ऑनलाइन बातम्यांच्या वर्गणीवर १८ टक्के आहे. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की नोंदणी लागते. दर ठरवतानाच हा हिशेब धरावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १५,००० रुपयांपर्यंतचे आवर्ती शुल्क दरवेळी ओटीपीशिवाय कापता येते, पण २४ तास आधी सूचना जाते. त्या सूचनेने दचकून बरेच जण वर्गणी रद्द करतात, म्हणून मासिकापेक्षा वार्षिक वर्गणी टिकते. द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यात पैसे हंगामावर येतात. वार्षिक वर्गणीचे आवाहन माल विकला जाण्याच्या दिवसांत करावे. स्तंभ सर्वांना मोफत ठेवून बाजारभावाचे सविस्तर विश्लेषण वर्गणीदारांना देण्याचा मोह होतो. लहान शेतकऱ्याला ज्याची सर्वांत जास्त गरज आहे तेच त्यात बंद होते, म्हणून भाव मोकळे आणि संग्रह, चर्चासत्रे, शहरी विषयांचे दीर्घ लेख वर्गणीदारांना, ही मांडणी अधिक न्याय्य.

जतन

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. तिथे पुस्तक जपणारे हात पिढ्यान् पिढ्या आहेत. ऑनलाइन स्तंभाला असा सांभाळणारा कोणी नसतो. डोमेनचे वार्षिक शुल्क एकदा राहिले की वर्षांचे लेखन नाहीसे होते. दर महिन्याच्या शेवटी सर्व स्तंभ साध्या मजकुरात आणि पीडीएफमध्ये उतरवून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावेत, दुवे इंटरनेट आर्काइव्हमध्ये नोंदवावेत आणि एक प्रत लेखकाला पाठवावी. डोमेनची नोंदणी प्रकाशनाच्या नावावर असावी, संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावर नव्हे. नूतनीकरणाची सूचना दोन माणसांच्या ईमेलवर यावी.