कोलकाता डर्बीचे भाकीत

मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या दोन फुटबॉल क्लबांच्या सामन्याचा निकाल आधीच सांगून टाकण्याची चाहत्यांची रीत. ‘डर्बी’ हा शब्द तिथे पुढे रुळला. जुनी माणसे अजून ‘बोरो मॅच’, म्हणजे मोठा सामना, असेच म्हणतात. सामना नव्वद मिनिटांत आटोपतो. त्याचे भाकीत आठवडाभर चघळले जाते, आणि ते चुकले तर पन्नास वर्षे कुणी विसरू देत नाही.

मोहन बागान १८८९ चा. ईस्ट बंगालची स्थापना १ ऑगस्ट १९२० ची, आणि तिला निमित्त झाला तो मोहन बागानविरुद्धचाच एक सामना. त्या सामन्यासाठी जोडाबागान क्लबने शैलेश बोस या खेळाडूला वगळले. जोडाबागानचे पदाधिकारी सुरेशचंद्र चौधरी यांना ते खटकले. ते बाहेर पडले आणि पूर्व बंगालच्या माणसांचा म्हणून नवा क्लब उभा राहिला. कोलकाता लीगमध्ये दोघांची पहिली गाठ २८ मे १९२५ रोजी पडली. नेपाल चक्रवर्तीच्या एकमेव गोलवर ईस्ट बंगालने ती जिंकली. नवख्यांनी मुरलेल्यांना हरवले, म्हणजे भाकितांवर पाणी फिरायला पहिल्याच दिवशी सुरुवात झाली.

फाळणीनंतर पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे आले आणि या सामन्याला घराण्याची धार चढली. पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ते घोटी, पूर्वेकडून आलेले ते बांगाल. घोटींचा मोहन बागान, हिरवा-मरून, पानात कोळंबी. बांगालांचा ईस्ट बंगाल, लाल-पिवळा, पानात इलिश मासा. ईस्ट बंगाल जिंकला की इलिश महाग होतो आणि मोहन बागान जिंकला की कोळंबी, असे कोलकातेकर हौसेने सांगतात. आज हे विभाजन पूर्वीइतके पक्के राहिलेले नाही. सोयरिकी झाल्या, पिढ्या मिसळल्या. तरी सामन्याच्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन बाजारात निघालेल्या माणसाने कोणता मासा उचलला, एवढ्यावरून त्याचे भाकीत कळते; वेगळे विचारावे लागत नाही.

भाकिताचा हंगाम खरे तर पोयला बैशाखला, बंगाली नववर्षाच्या दिवशी, सुरू होतो. त्या दिवशी कोलकात्याच्या ‘मैदान’ नावाच्या माळावरच्या क्लबांत ‘बारपूजा’ असते. गोलच्या खांबांना हार घालतात, पुरोहित मंत्र म्हणतो, पेढे-संदेश वाटतात. आपल्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा होते त्याच जातीचा हा प्रकार. यंदा संघ कसा आहे, कोण आला, कोण पलीकडे गेला, याची पहिली बैठक तिथेच भरते. पुढे डर्बीची तारीख जाहीर झाली की बैठक पाड्यात, म्हणजे गल्ल्या-आळ्यांत, उतरते. घराच्या दारातल्या ओट्याला तिथे ‘रॉक’ म्हणतात. त्यावर मातीच्या भाँड्यातला चहा घेऊन बसलेली चार टाळकी, हातात एकच वर्तमानपत्र, त्यात दोन्हीकडच्या माजी खेळाडूंनी वर्तवलेले निकाल. वाचणाऱ्याला त्यातले फक्त आपल्या बाजूचे पटतात.

या बोलण्याची एक रीतभात आहे. आपला संघ जिंकेल असे कुणी म्हणाले की ऐकणारा म्हणतो, ‘तोमार मुखे फुलचंदन पोडुक’: तुझ्या तोंडात फुले-चंदन पडो. मराठी माणसाने इथे साखर घातली असती. पण अशा शुभेच्छा घेणारा माणूस नेमका स्कोअर सांगायला कचरतो. तोंडाने आकडा काढला की दृष्ट लागते, अशी भीती मोठमोठ्या जाणत्यांनाही असते. आकडा धडधडीत सांगतात ते पोरेसोरे, आणि तो नेहमी ‘तीन–शून्य’ असतो.

गणिताने पाहिले तर तीन–शून्य हे फार वाईट भाकीत आहे. दोन्ही संघ तुल्यबळ आहेत आणि प्रत्येकाकडून सरासरी सव्वा गोलच्या आसपास होतात, असे धरून साधा संभाव्यतेचा हिशेब मांडला, तर १–१ या निकालाची शक्यता सर्वांत जास्त निघते, आणि तीही साधारण १३ टक्केच. एखाद्या ठरावीक संघाने १–० ने जिंकण्याची १० टक्क्यांच्या घरात, तर ३–० ची तीनसुद्धा नाही. म्हणजे सगळ्यांत शहाणे भाकीत करणाराही आठातून सात वेळा चुकणार. त्यात या डर्बीत एक नेहमीचा टेकू गळालेला असतो: घरचे मैदान. दोघेही मोठे सामने सॉल्ट लेकच्या युवा भारती क्रीडांगणावर खेळतात, यजमान कोण ते फक्त कागदावर ठरते. जगभरच्या अंदाजपंडितांना घरच्या मैदानाचा जो आधार असतो, तो इथे नाही.

सर्वांत गाजलेले भाकीत मात्र गोलांविषयीचे नाही. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ ने हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली. बहुतेक अनवाणी खेळणाऱ्या भारतीयांनी गोऱ्या पलटणीला नमवले. आख्यायिका अशी की मैदानाबाहेर पडताना कुणा साधूने फोर्ट विल्यमवरच्या युनियन जॅककडे बोट दाखवून विचारले, तो कधी उतरणार? उत्तर मिळाले, मोहन बागान पुन्हा शील्ड जिंकेल तेव्हा. त्यानंतर मोहन बागानच्या हाती शील्ड लागली ती थेट १९४७ मध्ये, आणि अंतिम सामन्यात समोर होता ईस्ट बंगाल. ही गोष्ट निकाल लागल्यावर रचली गेली असावी, अशी शंका कुणालाही येईल. पण छत्तीस वर्षे मध्ये गेली आणि वर्ष जुळले, हे खरेच आहे; आणि घोटी म्हातारे ती सांगताना शंकेला जागा ठेवत नाहीत.

सत्तरचे दशक म्हणजे भाकितांची दाणादाण. ईस्ट बंगालने १९७० ते १९७५ सलग सहा वेळा लीग जिंकली. ३० सप्टेंबर १९७५ च्या शील्ड अंतिम सामन्यात त्यांचे पारडे जड होते, हे मोहन बागानवालेही मान्य करत; पण ५–० कुणाच्या स्वप्नात नव्हते. श्याम थापाने त्यात दोन गोल केले. ‘पाच गोल’ एवढे दोन शब्द पुढे कितीतरी वर्षे कोणत्याही वादात बांगालाचा हुकमाचा एक्का होते. दुसऱ्याच वर्षी ईस्ट बंगालचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी मोहन बागानकडे गेले, आणि १९७६ च्या लीग सामन्यात मोहम्मद अकबरने सतराव्या सेकंदाला गोल केला. तेवढ्यात माणूस सीटवरची धूळही झटकत नाही. सामना १–० असाच संपला. १९७७ मध्ये मोहन बागानचा संघ इतका तगडा होता की लीगच्या डर्बीत काय होणार हा प्रश्नच नव्हता. ते ०–२ ने हरले. त्याच वर्षी सप्टेंबरात पेलेच्या कॉसमॉस या अमेरिकी क्लबशी त्यांनी २–२ बरोबरी केली आणि लगेच शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालला १–० ने हरवले. गोल कुणाचा? श्याम थापाचा. तो आता पलीकडे होता.

या काळात मुंबईकरांनाही हा ज्वर जवळून बघायला मिळाला. कूपरेजवर रोव्हर्स चषक होत असे आणि दोन्ही क्लब तो वरचेवर उचलून नेत. १९७२ मध्ये तो त्यांना विभागून द्यावा लागला. त्या वर्षी पैजा लावणाऱ्या दोघांचीही पंचाईत झाली असणार.

भाकिताचा सगळ्यांत मोठा फज्जा उडाला तो १३ जुलै १९९७ रोजी, फेडरेशन चषकाच्या उपांत्य फेरीत. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी ‘डायमंड’ नावाची रचना आणली होती. खेळाडू हिऱ्याच्या आकारात उभे करायचे आणि लाटेमागून लाट अशी चढाई करायची. याच बळावर त्यांनी आधीच्या फेरीत गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला ६–० ने लोळवले होते, त्यामुळे शहरभर हिऱ्याचीच चर्चा. दत्तबाबू जिभेचे तिखट. त्यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची नावेच ठेवली: बायचुंग भुतिया तो ‘चुंगचुंग’, सोसो तो ‘शोशा’ म्हणजे काकडी, ओमोलो तो ‘ऑम्लेट’. समोर ईस्ट बंगालच्या बाकावर होते पी. के. बॅनर्जी. खेळाडूंना पेटवणाऱ्या त्यांच्या बोलण्याला मैदानावर ‘व्होकल टॉनिक’ म्हणत. त्या दिवशी त्यांना टॉनिक वेगळे बनवावे लागले नाही. दत्तांनी ते वर्तमानपत्रांतून आयतेच पुरवले होते.

युवा भारतीत त्या दिवशी १,३१,७८१ प्रेक्षक होते. भारतात एखाद्या खेळाच्या सामन्याला इतकी गर्दी झाल्याची दुसरी नोंद सापडणे कठीण. नाझीमुल हकने खाते उघडले, चिमा ओकोरीने मोहन बागानचा एक गोल केला, आणि बाकीचा दिवस बायचुंगचा होता. त्याने तीन गोल ठोकले. निकाल ईस्ट बंगाल ४, मोहन बागान १. खोलवर मागे जागा मोकळी सोडून पुढे धावणाऱ्या संघाला चपळ बायचुंगने त्याच जागेत गाठले. रचनेतले हे छिद्र सामन्याआधी कुणालाच दिसले नव्हते असे नाही. पण सहा गोलांच्या विजयानंतर छिद्राविषयी बोलणाऱ्याचे कोण ऐकतो? डायमंडची गोष्ट आजही डर्बीच्या आधी निघते, आणि बहुतेक वेळा कुणाला तरी गप्प करण्यासाठी.

यानंतर मोठ्या आकड्यांची सवय झाली म्हणावी तर २५ ऑक्टोबर २००९ ला मोहन बागानने ५–३ असा निकाल लावला, त्यात चिडी एडेचे एकट्याचे चार गोल. १९७५ च्या पाचाचे उत्तर पाचाने मिळाले, असे घोटींनी जाहीर केले. बांगालांचा हिशेब वेगळा: आमचेही तीन झाले, १९७५ मध्ये तुमचा एक तरी झाला होता का?

इंडियन सुपर लीगमध्ये ही डर्बी आली ती कोविडच्या काळात, आणि खेळली गेली गोव्यात, रिकाम्या स्टेडियमांत. पहिली २७ नोव्हेंबर २०२० रोजी वास्कोच्या टिळक मैदानावर. मोहन बागान २–० ने जिंकला. भाकिते घरच्या दिवाणखान्यातून होऊ लागली आणि समोर हसायला शेजारी नसल्याने ती जरा बेचव झाली. त्यातलीच एक डर्बी २९ जानेवारी २०२२ ला फातोर्ड्यात झाली. ईस्ट बंगाल आघाडीवर असताना मोहन बागानने कियान नसीरी या तरुण पोराला बदली म्हणून उतरवले. त्याने तीन गोल केले, त्यातले दोन अगदी शेवटच्या जादा मिनिटांत, आणि सामना ३–१ झाला. कियानचे वडील जमशीद नसीरी हे ऐंशीच्या दशकातले ईस्ट बंगालचे लाडके इराणी खेळाडू. बापाच्या क्लबावर लेकाची हॅटट्रिक, तीही बाकावरून उठून: हे भाकीत कुणी केले असते तर त्याला चहा पाजून घरी पाठवले असते.

पुढे ईस्ट बंगालची पडझड इतकी लांबली की भाकीत करण्यात मजाच राहिली नाही. साडेचार वर्षे डर्बीत विजय नाही. १२ ऑगस्ट २०२३ ला ड्युरँड चषकात नंदकुमारच्या गोलवर ते १–० ने जिंकले. मग बावीस दिवसांनी त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मोहन बागानचा एक खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. आता झालेच, असे लाल-पिवळ्या गॅलरीला वाटले असणार, तोवर दहा जणांच्या मोहन बागानकडून पेत्रातोसने गोल करून चषक नेला.

कोल्हापूरकराला यातले काही परके वाटणार नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्यांआधी पेठापेठांत हीच ईर्षा, हीच आकडेमोड चालते. मासळीऐवजी तांबडा-पांढरा, एवढाच फरक. कोल्हापूरची माणसे बोरो मॅचच्या दोन्ही काठांवर राहून आली आहेत: निखिल कदम मोहन बागानकडून खेळला, अनिकेत जाधव ईस्ट बंगालकडून.

भाकिताची काळी बाजूही आहे. पैजेचा ताप गॅलरीत उतरतो तेव्हा काय होते, ते १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर दिसले. प्रेक्षकांत हाणामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ जण मेले. तो दिवस बंगालमध्ये फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळतात, रक्तदान करतात.

एका डर्बीची सगळीच भाकिते एकदम बाद झाली. १८ ऑगस्ट २०२४ ला ड्युरँड चषकात दोघे भिडणार होते. आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरच्या बलात्कार आणि हत्येने शहर पेटले होते, आणि बंदोबस्ताचे कारण देत सामना रद्द करण्यात आला. दोन्ही संघांचे चाहते तरीही आपापल्या जर्सी घालून युवा भारतीबाहेर जमले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. लाल-पिवळे आणि हिरवे-मरून एकमेकांच्या खांद्यावर चढून ‘दोन गॅलऱ्या, एकच सूर’ अशा अर्थाची घोषणा देत होते. गुणतक्त्यात दोघांना एकेक गुण मिळाला.