साल्व्हिया जुलैत का मरते?

पुण्यात साल्व्हिया उन्हानं मरत नाही. एप्रिलमधलं चाळिशीला टेकलेलं ऊन ती मान टाकून का होईना, काढते आणि संध्याकाळी पाणी मिळालं की पुन्हा उभी राहते. ती मरते जुलैत. आठ दिवस भुरभुर चालू असते, कुंडीतली माती ओलीगच्च असते आणि एका सकाळी सगळी पानं लोंबलेली दिसतात. पाणी कमी पडलं की काय, असं वाटून आपण वर आणखी तांब्याभर ओततो.

विकत आणताना रोपासोबत माहिती मिळालेली असते: भरपूर ऊन, कमी पाणी. ही माहिती खोटी नाही, अर्धी आहे. कमी पाणी कोणत्या महिन्यांत, हे कुणी सांगत नाही. आणि जिथे वर्षाच्या साधारण ७०० मिलिमीटर पावसातला बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो, त्या शहरात सगळं त्यावरच ठरतं.

साल्व्हिया म्हटलं की आपल्याकडे सोसायटीच्या फाटकाशी हिवाळ्यात लावलेले लालभडक वाफे डोळ्यांसमोर येतात. ती साल्व्हिया स्प्लेंडेन्स, मूळची ब्राझीलची. तिला पाणी बऱ्यापैकी लागतं, आणि खरं सांगायचं तर त्या लाल रंगाचा मला कधीचाच कंटाळा आलाय. पण ती एका अवाढव्य खानदानातली फक्त एक. तुळशीच्या कुळातली ही सर्वांत मोठी प्रजाती. हिच्यात सुमारे १,००० जाती आहेत. कुठल्याही जातीचं कोवळं खोड दोन बोटांत फिरवून पाहा, तुळशीसारखंच चौकोनी लागेल. हल्ली वाण्याकडे मिळणारा चिया हीसुद्धा साल्व्हियाच. २०१७ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी जनुकीय पुराव्यावरून रोझमेरीलाही याच प्रजातीत ओढून घेतलं.

या हजारभर जाती जगभर विखुरलेल्या आहेत, पण कोरड्या बागेसाठी सुचवल्या जाणाऱ्यांची माहेरं ढोबळमानानं दोन प्रकारची. एक, भूमध्य समुद्राचा काठ, कॅलिफोर्निया आणि दक्षिण आफ्रिकेचं टोक. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा जातो. स्वयंपाकातला सेज, कॅलिफोर्नियाची पांढरीफेक पानांची साल्व्हिया एपियाना, तांबूस-तपकिरी फुलांची आफ्रिकी साल्व्हिया ही त्या हवेतली मंडळी. दुसरं माहेर मेक्सिको. तिथे साल्व्हियाच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत, आणि मध्य मेक्सिकोत पाऊस पडतो तो आपल्यासारखाच: मे-जूनला सुरुवात, सप्टेंबर-ऑक्टोबरला निरोप, मग लांबलचक कोरडा हंगाम. मेक्सिको सिटी १९.४ अंश उत्तरेला, पुणे १८.५ अंशांवर. दिवस कधी मोठा होतो नि कधी लहान, याचं वेळापत्रकही दोन्हीकडे जवळपास एकच.

बागकामाच्या परदेशी व्हिडिओंत मात्र भूमध्य समुद्राकाठच्या बागा दिसतात. पांढरी भिंत, करड्या पानांची झुडपं, वर निळं आकाश. पुण्यात गच्चीवर तसं करायचं म्हणून लोक ती झुडपं आणतात आणि पहिल्या पावसाळ्यात गमावतात.

असं का होतं, ते मुळाशी जाऊन पाहू. मुळांना श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, तिच्यातून ऑक्सिजन मुळांपर्यंत जातो. पावसानं त्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की ऑक्सिजनची वाट जवळजवळ बंद होते, कारण पाण्यातून तो हवेपेक्षा सुमारे १०,००० पटींनी हळू पसरतो. आता कॅलिफोर्नियात जानेवारीत पाऊस पडतो तेव्हा माती गार असते, मुळं आळसावलेली असतात, त्यांची ऑक्सिजनची गरजच थोडी असते. पुण्यात जुलैच्या रात्रीही तापमान २२-२३ अंशांच्या आसपास राहतं. तापमान १० अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे मागणी वाढलेली आणि पुरवठा बंद. गुदमरलेल्या मुळांवर मग पिथियम आणि फायटोफ्थोरा हे बुरशीसदृश जीव तुटून पडतात. त्यांचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात, त्यामुळे ओलीगच्च माती त्यांच्या सोयीची. मूळ कुजलं की रोप पाण्यात उभं राहूनही तहानेनं सुकतं. लोंबलेल्या पानांचा अर्थ म्हणूनच आपण उलटा लावतो.

मेक्सिकोच्या जातींना उबदार पावसाची सवय असते. सुरुवात करायची तर साल्व्हिया ल्युकान्थापासून करावी. करड्या-हिरव्या लांबट पानांचं कंबरेएवढं झुडूप, वर मखमली जांभळे तुरे. जवळून पाहिलं तर गंमत कळते. जांभळं दिसतं ते फूल नव्हेच, तो त्याचा संदल, म्हणजे फुलाबाहेरचं वेष्टन, लवीनं मढलेला. खरं फूल पांढरं असतं, त्यातून जरासं डोकावतं आणि लवकर गळूनही जातं. संदल मागे राहतो, म्हणून तुरा कित्येक आठवडे ताजा वाटतो.

ही जात शेवंतीसारखी लहान दिवसांत फुलणारी आहे. झाड खरं तर दिवस मोजत नाही, सलग अंधार मोजतं. रात्री पुरेशा लांबल्या की कळ्या धरतात, म्हणजे आपल्याकडे पावसाळा सरल्यावर. पण कुंडी जर रस्त्यावरच्या दिव्याखाली किंवा गच्चीत रात्रभर जळणाऱ्या एलईडीसमोर असेल, तर झाडाच्या लेखी रात्र होतच नाही आणि फुलोरा लांबतो. खत घालून उपयोग नसतो. दिवा बंद करावा किंवा कुंडी हलवावी.

साल्व्हिया फॅरिनेशिया टेक्सास आणि मेक्सिकोची. निळे तुरे, देठांवर पीठ भुरभुरल्यागत पांढरी लव. हंगामी म्हणून विकतात, पण निचरा चांगला असेल तर वर्ष ओलांडते. साल्व्हिया कॉक्सिनिया लाल किंवा गुलाबी, आपली आपण रुजते, कधी कधी जरा जास्तच. साल्व्हिया ग्रेगी वाळवंटाच्या कडेची, खडकाळ उतारावरची. पाऊस सोसते, साचलेलं पाणी नाही. चिमुकल्या करड्या पानांची, गडद निळ्या फुलांची साल्व्हिया कॅमेड्रिऑइडीस मिळाली तर सोडू नये. मेक्सिकोच्याच पण उंच, गार डोंगरांतल्या जाती, उदाहरणार्थ अननसाच्या वासाच्या पानांची साल्व्हिया एलेगन्स, इथे आणल्या तर त्यांना त्रास पावसाचा नाही, मे महिन्यातल्या उबदार रात्रींचा होतो. मेक्सिको सिटी २,२४० मीटर उंचीवर आहे, आपण ५६० वर. त्यांना दुपारनंतर सावली हवीच.

पानांवरची लव दिसायला छान, पण ती कामाची आहे. ती ऊन परतवते आणि पानालगत हवेचा एक स्थिर थर धरून ठेवते, त्यामुळे बाष्प हळू उडतं. लवीतल्या काही केसांच्या टोकाला तेलाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. पान चुरगाळलं की त्या फुटतात आणि कापूर, निलगिरी यांच्या जवळचा वास येतो. बऱ्याच जातींत ही रसायनं खरोखर तीच असतात. खाणाऱ्या किड्यांना आणि जनावरांना ती नकोशी वाटतात.

या तेलांवरून एक वाद झाला होता. कॅलिफोर्नियात साल्व्हिया ल्युकोफिलाच्या झुडपांभोवती गवताविना उघड्या जमिनीचा पट्टा दिसतो. १९६४ साली म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की झुडपातून उडणारी तेलं आजूबाजूची रोपं वाढू देत नाहीत. कल्पना फार गाजली. १९७० साली बार्थोलोम्यू यांनी त्या पट्ट्यावर जाळीचे पिंजरे ठेवले. पिंजऱ्यांच्या आत गवत उगवलं! झुडपाच्या आडोशाला राहणारे उंदीर, ससे आणि पक्षी जवळचं सगळं खाऊन टाकत होते. तेलांचा काहीच वाटा नाही असं यातून ठरत नाही, पण 'सेजजवळ दुसरं काही लावू नका' असं कुणी ठासून सांगितलं तर हे पिंजरे आठवावेत.

मला स्वतःला साल्व्हियाचं सर्वांत जास्त वेड आहे ते तिच्या फुलातल्या यंत्रासाठी. सकाळी फॅरिनेशियाचं ताजं उमललेलं फूल घ्या, केरसुणीची बारीक काडी त्याच्या घशात हळूच सरकवा आणि मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन पाहा. वरच्या पाकळीच्या टोपीखालून पुंकेसर खाली येतात आणि काडीवर परागांचा ठसा उमटवतात. काडी काढली की परत वर. फुलात कामाचे पुंकेसर दोनच. प्रत्येकाचा मधला भाग लांब होऊन त्याची सी-सॉ झालेली असते: वरच्या टोकाला परागकोश, खालचं टोक मधाच्या वाटेवर आडवं. मधमाशी डोकं खुपसून खालचं टोक ढकलते आणि परागकोश तिच्या पाठीवर टेकतो. बऱ्याच जातींत पराग देऊन झाल्यावर स्त्रीकेसराचं टोक वाकून जवळपास त्याच जागी येतं, म्हणजे दुसऱ्या फुलातून आलेल्या माशीच्या पाठीवरचे पराग बरोब्बर टिपले जातात. जर्मनीत श्प्रेंगेल यांनी १७९३ मध्येच हे वर्णन करून ठेवलंय.

निळ्या साल्व्हियांवर सातेरी माशा येतात आणि पोटावर निळे पट्टे असलेली, एका जागी क्षणभरही न ठरणारी अमेगिला माशीही. लाल, नळीसारखी फुलं अमेरिकेत हमिंगबर्डसाठी घडली. इथे तो पक्षी नाही, त्याची जागा शिंजीर घेतो, फांदीवर बसून. काळा भुंगा मात्र सरळ चोरी करतो. फुलाच्या बुडाशी चीर पाडून मध पितो, यंत्राला हातही लावत नाही. परागीभवन शून्य.

जमिनीचं म्हणाल तर पुण्याची काळी माती ओली झाली की फुगते आणि पोकळ्या मिटवते, म्हणून साल्व्हिया थेट तिच्यात लावू नये. मुरूम आपल्याला मुबलक मिळतो. दोन भाग बारीक मुरूम, एक भाग माती, मूठभर जुनं शेणखत आणि वीतभर उंच वाफा, एवढ्यावर भागतं. कुंडीत लावायचं तर तयार मिश्रणांत कोकोपीट भरमसाट असतं ते पाहून घ्या. ते उन्हाळ्यात बरं, पावसात पाणी धरून बसतं. नर्सरीतल्या रोपाभोवती लाल मातीचा घट्ट गोळा असतो, तो लावण्यापूर्वी बाहेरून सैल करावा. कुंडीखाली ताटली नको, दोन विटा असाव्यात. हडपसर, मांजरीकडे हे पुरतं. पाषाण, बावधनकडे पाऊस वाढतो, तिथे मुरूम थोडा अधिक. खत वाढवलं की फांद्या लुसलुशीत होतात, आडव्या पडतात आणि पिठ्या ढेकूण जमतो.

लावायची योग्य वेळ ऑक्टोबर. पावसाळ्याच्या आधी लावलेल्या रोपाची मुळं पुरती पसरण्याआधीच परीक्षा येते. पहिल्या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी खोलवर पाणी, रोज शिंपडणं नाही. ल्युकान्था फुलून झाली की फेब्रुवारीत बुंध्यापासून वीतभर ठेवून कापावी, त्याच वेळी कोवळ्या फांद्यांची छाटकलमंही लागतात. आणि एपियानाचा मोह आवरतच नसेल, तर ती निव्वळ मुरमाच्या उथळ कुंडीत लावून जूनच्या पहिल्या आठवड्यात पूर्वेच्या सज्जाखाली, जिथे ऊन येतं पण झड येत नाही अशा कोपऱ्यात सरकवा आणि सप्टेंबर संपेपर्यंत पंधरवड्यातून एकदाच पाणी द्या.