नर्सिंग पदवीच्या अटी कुठून आल्या: प्रवेश, हजेरी आणि वरच्या वर्षात जाण्याच्या नियमांची पार्श्वभूमी

नर्सिंगच्या पदवीला प्रवेश घेणाऱ्याच्या हाती पडणारी अटींची यादी इतर बहुतेक पदव्यांपेक्षा लांब असते. शालेय गुण आणि विज्ञान विषय तर हवेतच, शिवाय किमान वय, वैद्यकीय तपासणी, लसींची नोंद आणि अनेक ठिकाणी वर्तनाचा दाखलाही लागतो. आत गेल्यावर वॉर्डातले तास मोजले जातात, आणि लेखी पेपरात कितीही गुण मिळाले तरी प्रात्यक्षिकातलं नापास भरून निघत नाही. या अटी एका बैठकीत ठरलेल्या नाहीत. दीडशेहून अधिक वर्षांत त्या एकेक करून चढत गेल्या, आणि बहुतेकींच्या मागे एकच वाद आहे: वॉर्डात उभी असलेली मुलगी शिकायला आली आहे की कामाला?

1860 च्या जूनमध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाच्या निधीतून परिचारिकांची शाळा सुरू झाली तेव्हा पहिल्या तुकडीत 15 जणी होत्या. त्यांना ‘प्रोबेशनर’ म्हणत. प्रशिक्षण एक वर्षाचं, वय साधारण 25 ते 35. शिक्षणाची पातळी फारशी बघितली जात नव्हती. चारित्र्याचा दाखला मात्र लागे. मेट्रन, म्हणजे रुग्णालयाच्या मुख्य परिचारिका, सारा वॉर्डरोपर दर महिन्याला प्रत्येकीचा तक्ता भरत. त्याच्या एका भागात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप असे रकाने होते, तर दुसऱ्या भागात मलमपट्टीसारखी हातची कामं. ‘उत्तम’पासून ‘अपुरं’पर्यंत शेरे असत. आजच्या क्लिनिकल (प्रत्यक्ष रुग्णांजवळच्या कामाच्या) मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये कौशल्य आणि व्यावसायिक वर्तन असे दोन भाग दिसतात ते याच तक्त्याचे वारस. एक भाग चांगला म्हणून दुसरा माफ होत नाही, ही समजही तिथलीच.

हा नमुना पुढे सगळीकडे गेला, पण जाताना त्याचा आत्मा हरवला. रुग्णालयांना खाटांमागे हात हवे होते आणि शिकणाऱ्या मुली स्वस्त पडत. दिवसभर ड्युटी, व्याख्यान रात्री, तेही वॉर्डातून सुटका झाली तर. एका वर्षाचा कोर्स दोनाचा आणि मग तीनाचा झाला, आणि वाढीव काळाचा मोठा भाग अभ्यासापेक्षा राबण्यातच गेला. प्रवेशाची अट सैल ठेवण्यात रुग्णालयाचा थेट फायदा होता, कारण अट कडक केली की वॉर्ड रिकामे पडत. विद्यापीठात जाण्याची धडपड या कोंडीतून सुरू झाली. तिला निव्वळ प्रतिष्ठेची हौस समजणं चुकीचं आहे.

न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजमध्ये 1899 मध्ये प्रशिक्षित परिचारिकांसाठी अभ्यासक्रम सुरू झाला. तिथेच 1907 मध्ये अॅडलेड नटिंग नर्सिंगच्या पहिल्या प्राध्यापक झाल्या. 1909 मध्ये मिनेसोटा विद्यापीठाने स्वतःची नर्सिंग शाळा काढली. प्रवेश विद्यापीठाच्या निकषांवर, पण वॉर्डातलं काम तरीही आठवड्याला 56 तास. 1919 मध्ये व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पदवी अभ्यासक्रम आला, ब्रिटिश साम्राज्यातला पहिला. अमेरिकेतल्या नर्सिंग शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 1923 च्या गोल्डमार्क अहवालाने रुग्णालयाची गरज आणि विद्यार्थ्याचं शिक्षण यांतला झगडा उघड मांडला आणि प्रवेशासाठी पूर्ण शालेय शिक्षणाचा आग्रह धरला. त्याच वर्षी येल विद्यापीठाची नर्सिंग शाळा उभी राहिली, आणि 1934 पासून तिथे प्रवेशालाच पदवी लागू लागली.

या सुरुवातीच्या पदव्यांत एक मोठा दोष होता. दोन्ही टोकांना विद्यापीठ, मधली वर्षं रुग्णालय, अशी त्यांची रचना असे. रसायनशास्त्र पहिल्या वर्षी शिकलं आणि औषध हातात घेतलं दोन वर्षांनी, तोवर शिकलेलं विसरलेलं. मधल्या वर्षांवर विद्यापीठाचा ताबाही नसे. टोरोंटो विद्यापीठाने 1942 मध्ये तिथल्या नर्सिंग शाळेच्या प्रमुख कॅथलीन रसेल यांच्या पुढाकाराने वर्ग आणि वॉर्ड एकाच अभ्यासक्रमात गुंफले. वरच्या वर्षात जाण्याचे आजचे नियम या गुंफणीशिवाय समजत नाहीत. शरीररचना आणि शरीरक्रिया झाल्याशिवाय औषधशास्त्र नाही, औषधशास्त्राशिवाय प्रौढ रुग्णांच्या वॉर्डात औषध देणं नाही, कारण पुढची पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातली नेमणूक, मागच्या विषयावर उभी असते. म्हणूनच एक बॅकलॉग, म्हणजे मागे राहिलेला विषय, इथे जितका अडवतो तितका इतर पदव्यांत क्वचितच अडवतो.

पुढे देशोदेशी वेग वेगळा राहिला. भारतात 1946 मध्ये दिल्ली आणि वेल्लोर इथे पदवी सुरू झाली आणि 1947 च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेची पायाभरणी झाली. एडिंबरात पदवी अभ्यासक्रम 1960 मध्ये आला. ऑस्ट्रेलियाने 1984 मध्ये रुग्णालयातलं प्रशिक्षण उच्च शिक्षणात नेण्याचा निर्णय घेतला आणि 1993 पर्यंत ते पार पाडलं. इंग्लंडमध्ये नव्या परिचारिकांसाठी फक्त पदवीचा मार्ग 2013 पासून.

युरोपीय समुदायाच्या 1977 च्या निर्देशाने, म्हणजे सदस्य देशांना बांधील नियमाने, तीन वर्षं किंवा 4600 तास ही मोजणी घातली. किमान एक तृतीयांश सैद्धांतिक, किमान निम्मे तास क्लिनिकल ही वाटणी 1989 च्या दुरुस्तीने आली. प्रवेशाला 1977 मध्ये दहा वर्षांचं शालेय शिक्षण पुरे होतं; 2013 च्या दुरुस्तीने विद्यापीठाच्या मार्गासाठी ते बारा वर्षं झालं. 4600 भागिले तीन करून बघा. वर्षाला 1533 तास येतात, म्हणजे आठवड्याला 38 तास धरले तर चाळीस आठवडे. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना लांब सुट्टी का नसते, याचं उत्तर या भागाकारात आहे.

तासांची ही अट मुळात राबवून घेण्याची खूण होती. विद्यापीठात येऊन ती विद्यार्थ्याचं आणि रुग्णाचं संरक्षण झाली. पण बुडालेला क्लिनिकल दिवस घरी बसून भरता येत नाही. त्यासाठी वॉर्डात जागा लागते, देखरेख करणारी परिचारिका मोकळी लागते, आणि एका वॉर्डात एका वेळी किती विद्यार्थी घ्यायचे याला मर्यादा असते. दोन आठवड्यांचं आजारपण सुट्टीत ढकललं जातं, सुट्टी भरली की पुढच्या सत्रात जातं, आणि शेवटी नोंदणी लांबते. भारतात परीक्षेला बसण्यासाठी 80 टक्के हजेरी लागते, पण पदवी हातात पडण्यापूर्वी प्रात्यक्षिकाची हजेरी 100 टक्के भरावी लागते. अनेकांच्या हे शेवटच्या सत्रात लक्षात येतं. लॉगबुक, म्हणजे वॉर्डातल्या कामाची नोंदवही, दर आठवड्याला सही करून घ्यावं. महिन्याभराने देखरेख करणारी व्यक्ती बदललेली असते.

आरोग्य तपासणीची अटही अनुभवातून आली. 1920 च्या दशकात ओस्लोच्या उलेव्हॉल रुग्णालयात डॉक्टर योहानेस हाइमबेक यांनी नर्सिंगच्या विद्यार्थिनींची ट्युबर्क्युलिन चाचणी, म्हणजे क्षयाचा संसर्ग झाला आहे का हे बघणारी त्वचेची चाचणी, केली. येताना चाचणी निगेटिव्ह असलेल्या मुलींपैकी बहुतेकींना प्रशिक्षणाच्या काळातच संसर्ग झाला आणि क्षयाचे रुग्णही मुख्यतः त्यांच्यातूनच निघाले. निरोगी मुली आत घेऊन आजारी बाहेर पाठवणारी शाळा कोणालाच मान्य होण्यासारखी नव्हती. आज गोंधळ होतो तो हिपॅटायटिस बी लसीत. नेहमीच्या वेळापत्रकात तीन डोस असतात: सुरुवातीला, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. त्यानंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तात प्रतिपिंडं बघतात. पातळी 10 mIU/mL किंवा त्याहून जास्त हवी. प्रवेशाच्या आठवड्यात पहिला डोस घेतला तर हे सगळं पुरं व्हायला सात-आठ महिने लागतात, आणि पहिली पोस्टिंग बऱ्याचदा त्याआधी असते. अर्ज भरतानाच पहिला डोस घ्यावा.

सगळ्यात कडक वाटणारी अट सगळ्यात नवी आहे. ब्रिटनच्या नियामक मंडळाने 2018 च्या मानकांत औषधांच्या मात्रेच्या हिशेबासाठी 100 टक्के गुण ठरवले. इतर पेपर 40 किंवा 50 टक्क्यांवर सुटतात, मग इथे एकही चूक का चालत नाही? एक उदाहरण घ्या. 75 मिलिग्रॅम द्यायचं आहे आणि अँप्यूलमध्ये (औषधाच्या बंद कुपीत) 2 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम आहे: 75 भागिले 50, गुणिले 2, म्हणजे 3 मिलिलिटर. सलाइन 500 मिलिलिटर चार तासांत जायचं आहे आणि सेट (सलाइनची नळी) 20 थेंबांना एक मिलिलिटरचा आहे: 500 गुणिले 20, भागिले 240, म्हणजे मिनिटाला जवळपास 42 थेंब. गणित शाळेतलंच आहे, पण चूक रीतीत नसते. दशांश चिन्ह सरकतं, मायक्रोग्रॅमला मिलिग्रॅम समजलं जातं, तासांची मिनिटं करायची राहून जातात. ‘1.0’ लिहिलं आणि टिंब पुसट झालं की ते दहा वाचलं जातं; म्हणून पूर्ण अंकामागे शून्य लिहायचं नाही आणि एकापेक्षा लहान मात्रेत टिंबाआधी शून्य सोडायचं नाही. कागदावर 95 टक्के म्हणजे वीसपैकी एका रुग्णाला चुकीची मात्रा.